‘फॉल्टी टॉवर्स’मधला मॅन्युएल: अँड्र्यू सॅक्सबद्दल सांगाल का?

प्रश्न: सुट्टीत ‘फॉल्टी टॉवर्स’ या हॉटेलवरच्या ब्रिटिश विनोदी मालिकेचे सगळे १२ भाग पाहिले. बार्सिलोनाचा तो गोंधळलेला वेटर डोक्यातून जात नाही. हा नट खरंच स्पॅनिश होता का?

प्रतिसाद १: नाही हो, जन्म बर्लिनचा, १९३०चा. वडील ज्यू होते. १९३८मध्ये नाझींच्या छळामुळे कुटुंब लंडनला आलं. मी ही मालिका आधी निव्वळ हसायला बघायचे. हे कळल्यावर मॅन्युएलच्या ‘के?’कडे (स्पॅनिशमध्ये ‘काय?’) मी वेगळ्याच नजरेने बघते. आठ वर्षांच्या पोराला परकी भाषा कळत नसेल तेव्हा त्याचा चेहरा कसा होत असेल! सॅक्सने तसा हिशेब केला होता असं माझं म्हणणं नाही, पण मला तो चेहरा तिथे दिसतो. गंमत म्हणजे स्पॅनिश उच्चार जमतील का या शंकेने, वेटर जर्मन केला तर चालेल का, असं त्याने विचारलं होतं.

प्रतिसाद २: आणि सोसलं किती! आगीच्या प्रसंगात धूर दिसावा म्हणून कोटाला रसायन लावलं होतं, त्याने कातडी भाजली. हॉटेलमालक झालेल्या जॉन क्लीजने एकदा खरं पातेलंच डोक्यात हाणलं.

प्रश्नकर्ता: बापरे! मग स्पेनमध्ये हे पात्र चाललं कसं?

प्रतिसाद १: तिथल्या डबिंगमध्ये त्याला इटालियन केलं! सॅक्स २०१६मध्ये गेले. त्यांनी माहितीपटांना दिलेला आवाज जरूर ऐका. किती शांत, स्वच्छ इंग्रजी. मॅन्युएलचा मागमूसही नाही.