कार्यालयात सायकलने जाणे: सुरुवात कशी करावी, आणि मुंबईत करावी का?

घाटकोपरवासी

घाटकोपर पश्चिमेहून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर, मी गेली दोन वर्षे पावसाळा वगळता आठवड्यातून तीन-चार दिवस सायकलने जातो. कार्यालयातले सहकारी मला पहिला प्रश्न विचारतात तो कोणती सायकल घ्यावी हा, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. आधी कोणाची तरी सायकल मागून घ्यावी, रविवारी सकाळी सातला संपूर्ण रस्ता एकदा पालथा घालावा, आणि कुठे उतरून चालायचे हे ठरवून ठेवावे. मी आजही कुर्ला डेपोच्या सिग्नलला उतरतो आणि पादचाऱ्यांबरोबर झेब्रा पट्ट्यांवरून सायकल हातात धरून पलीकडे जातो. त्यात दोन मिनिटे जातात आणि कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

सायकल घेताना टायर ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावा, कारण अरुंद टायर पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा गटाराच्या जाळीत अडकला की माणूस थेट हँडलवरून पुढे जातो. गिअर नसले तरी बिघडत नाही. लालबहादूर शास्त्री मार्ग बहुतांशी सपाट आहे आणि उड्डाणपूल लागला तर त्याच्या खालून जावे. मडगार्ड आणि कॅरिअर मात्र हवेच, कारण पाठीवरच्या पिशवीखाली सदरा भिजतो तसा अन्यत्र कुठेही भिजत नाही. सीटची उंची बहुतेक जण फार कमी ठेवतात, गुडघे दुखू लागतात आणि पंधरा दिवसांत सायकल जिन्याखाली जाते. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा, एवढी उंची ठेवावी.

उभ्या गाड्यांपासून दार उघडण्याइतके अंतर राखावे, मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी. राहिला घामाचा प्रश्न: वीस मिनिटे लवकर निघावे, सावकाश यावे, खणात दोन सदरे आणि एक पंचा ठेवावा.

शंकेखोर

आपला लेख मनापासून लिहिलेला आहे, म्हणूनच त्यावर आक्षेप घेणे आवश्यक वाटते. ज्या रस्त्यावर कुठे उतरायचे हे आधी पाठ करावे लागते, तो रस्ता सायकलसाठी नाही, हे आपणच सांगून टाकले आहे. आपण रोज जिथे पोहोचता त्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास तब्बल १३ किलोमीटरची सायकल मार्गिका बांधण्यात आली होती, तिच्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि पुढे २०२५ मध्ये ती काढून टाकून रस्ता रुंद करण्याचे ठरले. सागरी सेतू आणि सागरी किनारा मार्ग सायकलला बंदच आहेत. वेगाच्या दृष्टीने ते योग्यही असेल, परंतु नवे रस्ते कोणासाठी बांधले जातात हे त्यावरून कळते. शिवाय सायकलस्वाराने डाव्या कडेने जावे म्हणतात, आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे, खोदलेले चर, उभ्या रिक्षा हे सारे नेमके त्याच कडेला असते. नवख्या माणसाला ‘सुरुवात करा’ असे सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. त्याला आधी महानगरपालिकेकडे मार्गिका मागायला सांगावे.

मागचे कॅरिअर

शंकेखोर, मुंबईत मार्गिकेची वाट न पाहता सायकल चालवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, ती फक्त अशा चर्चांमध्ये दिसत नाहीत. इडलीवाले, वृत्तपत्र टाकणारे, आणि अर्थातच डबेवाले. डबेवाल्यांची पद्धत तर येथे थेट उपयोगाची आहे: घर ते स्टेशन सायकल, लांबचा पल्ला लोकलच्या सामानाच्या डब्यातून, आणि पलीकडे पुन्हा सायकल. सायकल गाडीत चढवण्याच्या फंदात ते पडत नाहीत, दोन्ही टोकांना वेगळी सायकल असते. डोंबिवलीहून लोअर परळला येणाऱ्याने सगळे अंतर पायांनी तोडण्याचे मनात आणू नये. घरापासून स्टेशनपर्यंतचे दोन किलोमीटर रिक्षाच्या रांगेतून सुटले तरी पुष्कळ झाले.

पवईची पायवाट

गरजेपोटी सायकल चालवणाऱ्यांचे उदाहरण सोयीचे आहे, पण अपुरे आहे. इडलीवाला आमच्या इमारतीत सकाळी सातच्या आत येतो, तेव्हा रस्ता त्याचा असतो. मी रात्री साडेआठला निघते. कांजूरमार्ग ते पवई हे अंतर जेमतेम चार किलोमीटर, म्हणून गेल्या डिसेंबरमध्ये मी हौसेने सुरुवात केली. गांधीनगरच्या चौकातून पवईकडे जाताना हलका चढ आहे, तिथे वेग कमी होतो आणि नेमके तिथेच मागून डंपर येतात.

तरीही मी सोडले ते डंपरमुळे नव्हे. कार्यालयाच्या तळघरात जाण्यासाठी सुरक्षारक्षक वहीत गाडीचा क्रमांक लिहून पावती देतो, आणि सायकलला क्रमांक नसतो. त्याने बिचाऱ्याने दोन दिवस ‘सायकल, मॅडम’ असे लिहिले. तिसऱ्या दिवशी त्याच्या साहेबांनी ते खोडले. बाहेरच्या रेलिंगला कुलूप लावून ठेवली, तर संध्याकाळी सायकल होती आणि सीट नव्हती. त्या रात्री मी चार किलोमीटर सायकल ढकलत घरी गेले.

घाटकोपरवासी

पवईची पायवाट, आपला अनुभव वाचून माझ्या लेखातली उणीव लक्षात आली. सायकल ठेवायची कुठे, हे मी लिहिलेच नाही. आमच्या इमारतीतही वहीचा हाच घोळ होता. मी व्यवस्थापनाला लेखी अर्ज दिला, सायकलच्या चौकटीखाली कोरलेला क्रमांक असतो तो त्यात नोंदवला, आणि जनरेटरच्या खोलीमागे जागा मिळाली. सीट मात्र हाताने सैल होणाऱ्या खटक्याची ठेवू नये, साधा बोल्ट बसवून घ्यावा. रात्रीच्या प्रवासाबद्दल मी वाद घालणार नाही. मागे लाल दिवा असूनही मी स्वतः उशीर झाला की सायकल तिथेच ठेवून बसने येतो.

शंकेखोरांना एवढेच म्हणेन की मार्गिका मागण्याच्या मी विरुद्ध नाही. पण जिच्यावरून कोणी जातच नाही, ती मार्गिका काढून टाकणे फार सोपे असते.

शंकेखोर

आणि जिच्यावर गाड्या उभ्या असतात, तिच्यावरून जाणार कोण? आपण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करत आहात. डबेवाल्यांच्या पद्धतीपुरते मी मान्य करतो, घर ते स्टेशन हे अंतर मीही सायकलने जाऊ शकेन. मुलुंड स्टेशनबाहेर ती दिवसभर शाबूत राहील का, ते पाहावे लागेल.

पवईची पायवाट

चौकटीखालचा क्रमांक मी आत्ताच सायकल उलटी करून पाहिला. अर्धा गंजला आहे, पण वाचता येतो. सोमवारी अर्ज देते. रात्री मात्र रिक्षाच.