वय ठरवायचं कसं?
१८३३ च्या कायद्यानं इंग्लंडच्या कापडगिरण्यांमधली बालमजुरी संपली, असं म्हटलं जातं. कायदा मोठा होता हे मान्य. नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी (रेशीमगिरण्या सोडून), नऊ ते तेरा वयाच्यांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास. पण 'संपली' हे काही पटत नाही. देशभरातल्या गिरण्यांवर नजर ठेवायला निरीक्षक होते अवघे चार! आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे मूल नऊ वर्षांचं आहे हे सिद्ध कशानं करायचं? इंग्लंडमध्ये जन्मनोंदणीच सुरू झाली जुलै १८३७ मध्ये. तोवर डॉक्टरनं मुलाकडे बघून, नऊ वर्षांच्या मुलाइतकी ताकद आणि अंगकाठी दिसते, असा दाखला द्यायचा. थोराड हाडाचं आठ वर्षांचं पोर त्यात सहज खपून जायचं, आणि घरात त्या मजुरीची गरज असली की आईबापही खरं वय सांगत नसत. त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

म्हणूनच १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्यानं हजाराहून अधिक मुलांचे दात तपासून, उंचीपेक्षा दातांवरून वय जास्त नेमकं कळतं, असं पार्लमेंटपुढे मांडलं. कामावर घ्यायचं की नाही हे ठरवायला एखाद्या लेकराला 'आ कर' म्हणायचं, हे वाचून माझ्या पोटात कालवलं होतं. पुढे १८४४ च्या कायद्यानं तर किमान वय नऊवरून आठवर आणलं, बदल्यात काम अर्ध्या दिवसापुरतं ठेवलं आणि उरलेल्या वेळात शाळा.