म्हणे शेडिंजा टाकाऊ!

रिकामा_सहावा:
काल इथे एका सदस्याने होएन या तिसऱ्या पिढीच्या गेममधल्या प्रदेशातल्या दहा टाकाऊ पोकेमॉनची यादी टाकली. लुवडिस्क, स्पिंडा यांच्यासाठी कोण भांडणार, असू देत. पण पहिला नंबर शेडिंजाला, म्हणजे निनकाडा किड्याने मागे सोडलेल्या कातीच्या पोकेमॉनला? आणि कारण काय, तर "एचपी (जीव) 1, सगळे स्टॅट (ताकदीचे आकडे) मिळून 236, स्पिनारॅकचेसुद्धा 250 आहेत. स्कार्लेट-व्हायोलेट या नवव्या पिढीच्या गेममधून काढला ते बरंच केलं." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

बेरजा करूनच पोकेमॉन जोखायचे असतील तर स्लेकिंगचे 670 भरतात, क्योगरइतके. आणि तो एका आड एक टर्न लोळत काढतो. अ‍ॅबिलिटी (पोकेमॉनचे उपजत गुण) आल्या तेव्हापासून नुसत्या बेरजेला काही अर्थ उरलेला नाही. शेडिंजाचा वंडर गार्ड हा गुण असला की फायर, फ्लाइंग, रॉक, घोस्ट आणि डार्क सोडून कुठल्याही टाइपच्या माराने हा ढिम्म हलत नाही. एमराल्ड या होएनच्या गेममधला चँपियन वॉलेस आठवा. वेलॉर्डकडे वॉटर स्पाउट, ब्लिझर्ड, डबल-एज, रेन डान्स. व्हिस्कॅश आणि गॅराडोसकडे अर्थक्वेक, सर्फ, हायपर बीम. यातलं एकही याला लागत नाही. माउंट पायरवरचा शॅडो बॉल शिकवायचा आणि बसायचं सावकाश मारत. चँपियनची अर्धी टीम एका किड्याच्या कातीपुढे हतबल, यापेक्षा भारी काय पाहिजे?

शिवाय आपल्यातल्या कितीजणांकडे दोन गेमबॉय जोडणारी लिंक केबल होती? अदलाबदल केल्यावरच मिळणारे अलाकाझाम, मशँप, गोलेम आपल्याला फक्त चित्रात. शेडिंजाला ना केबल लागायची ना मित्र. रूट 116 वरचा निनकाडा पकडा, टीममध्ये एक जागा मोकळी ठेवा, विसाव्या लेव्हलला त्याचा निंजास्क होतो आणि हा आपसूक येऊन बसतो. एकट्या पोराला गेमने दिलेलं हे बक्षीस आहे, त्याला टाकाऊ म्हणता?

स्लेकिंग_सातारा:
यादी माझीच. स्लेकिंगचं उदाहरण मुद्दाम शोधून काढलंत हे कळलं, आभारी आहे.

वॉलेसची सोयीची अर्धी टीम सांगितलीत. उरलेल्या अर्ध्या टीमचं काय? टेंटाक्रुएल आणि मायलोटिककडे टॉक्सिक, लुडिकोलोकडे जीव शोषणारं लीच सीड. एक एचपीवाल्याला विष चढलं की त्याच टर्नमध्ये खेळ खलास. आणि मुळात वॉलेसपर्यंत पोचणार कसे? आधी एलिट फोर हे चौघे: सिडनी सगळा डार्क, फीबी सगळी घोस्ट, ग्लेशियाची सीलिओ गारपीट आणते. तोवर तुमचे योद्धे बॉलमध्ये विश्रांती घेणार.

माझा राग जुना आहे. शाळेत असताना गेममधल्या खेळाडूच्या बापाच्या, नॉर्मनच्या, जिमसाठी मी हट्टाने निनकाडा वाढवला होता. नॉर्मल मूव्ह घोस्टला लागत नाहीत, बाप हरलाच समजा, असं दोन्ही चुलत भावांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. दोघे मागे उभे. स्लेकिंगसमोर शेडिंजा पाठवला. फेंट अटॅक. डार्क. संपला. आजही घरात कुणाचं लग्न असलं की पंगतीत हा विषय निघतो. इथलं नाव मी उगाच घेतलेलं नाही.

रिकामा_सहावा:
म्हणजे समोरच्याच्या मूव्ह न बघता उतरलात आणि दोष शेडिंजाला. छान!

स्लेकिंग_सातारा:
मूव्ह आधीच माहीत असतील तर मॅजिकार्पपण जिंकेल. चौथ्या पिढीपासून जो तो स्टेल्थ रॉक टाकतो, मैदानात येणाऱ्याला लागणारे दगड. तुमचा हिरो मैदानात पाय ठेवतो आणि मरतो.

रिकामा_सहावा:
त्यापासून वाचवणारे हेवी-ड्यूटी बूट्स आले आठव्या पिढीत. वाळू आणि गारांसाठी सेफ्टी गॉगल्स सहाव्यापासूनच आहेत.

स्लेकिंग_सातारा:
आयटम एकच धरता येतो ना? बूट घालणार की गॉगल, ते एकदा ठरवा.

माचिदाकर:
तुमचं भांडण चालू द्या, मला वेगळंच म्हणायचं आहे. मी कामानिमित्त टोकियोजवळ माचिदात राहतो. पोकेमॉन काढणारे सातोशी ताजिरी याच गावात वाढले. लहानपणी इतके किडे गोळा करायचे की पोरं त्यांना डॉक्टर बग म्हणायची. इथे जुलै-ऑगस्टमध्ये बागेतल्या झाडांवर, कुंपणावर सिकाडा या किर्र ओरडणाऱ्या किड्याच्या काती चिकटलेल्या असतात आणि मुलं त्या वेचून शर्टावर लावून फिरतात. माझ्या मुलीने एकदा घरच्या पडद्यावर रांग लावली होती. बायकोने किंकाळी फोडली तो भाग सोडा.

इथल्या पोराला शेडिंजा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. किडा उडून गेला, पाठीत उभी चीर पडलेलं कवच मागे राहिलं, आणि तेच बॉलमध्ये आलं. त्याची पोकेडेक्समधली (गेममधला पोकेमॉनकोश) नोंद वाचलीय ना? पाठीच्या भेगेतून आत डोकावलं तर आत्मा चोरला जातो. आणि लढताना खेळाडूला त्याची पाठच दिसते! ज्याने हे योजलं त्याला माझा दंडवत. यात एचपी किती हा प्रश्नच येत नाही.

देवराई:
माचिदाकर, सुंदर लिहिलंत. सह्याद्रीतही मे महिन्यात, पावसाच्या आधी, सिकाडांनी रान दणाणून जातं आणि खोडांवर अशाच काती मिळतात. एक दुरुस्ती मात्र सगळ्यांसाठी, कारण हा विषय निघाला की कुणीतरी हमखास "सिकाडा 17 वर्षं जमिनीखाली असतो" असं ठोकून देतो. 13 आणि 17 वर्षांवाले अमेरिकेतले, सगळे एकदम निघणारे. आपल्याकडचे आणि जपानचे तसले नव्हेत.

रिकामा_सहावा:
17 वर्षं कुणीच म्हणालं नव्हतं.

देवराई:
म्हणणार होतं.

जोहटो_जोशी:
एक प्रश्न. इथे एमराल्डच्या गप्पा मारणाऱ्यांपैकी किती जणांनी ते कार्ट्रिज विकत घेतलं होतं? सगळे कॉम्प्युटरवर रॉम (गेमची उतरवलेली नक्कल) टाकून खेळलेले. सेव्ह स्टेट करायचं, शेडिंजा मेला की मागे जायचं. एक एचपीची धाकधूक तुम्हाला काय कळणार? ती कळते गेमबॉयवर, बॅटरीचा दिवा लाल झालेला असताना.

कॅफेतला_ट्रेको:
आला, दुबईच्या काकांकडून कार्ट्रिज आणवणारा! आमच्या ठाण्याच्या सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून खेळायचो आम्ही. आमचा सेव्ह पुढच्या गिऱ्हाइकाने उडवलेला असायचा. धाकधूक आम्हाला शिकवू नका.

जोहटो_जोशी:
काका मस्कतला होते. आणि त्यांच्याकडून फुकट नाही मिळालं, दहावीच्या टक्क्यांवर मिळालं. चोरीला चोरी म्हटलं की लोकांना झोंबतं.

कॅफेतला_ट्रेको:
विकणाराच नव्हता तर चोरी कसली? स्विचसुद्धा निन्टेंडोने भारतात अधिकृतपणे आणला नाही. पोकेमॉन गो जगात आला 2016 च्या जुलैत, आपल्याकडे डिसेंबरात, तोही जिओचा हात धरून. आम्ही पैसे घेऊन कुठल्या दारात उभं राहायचं होतं?

पॅल्डिया_पुणे:
आणि ज्यांनी पैसे मोजले त्यांचं काय झालं ते ऐका. आमच्या इथल्या एका दुकानदाराने "ओरिजिनल" म्हणून एमराल्ड दिलं. खोक्यावरचा चमकता स्टिकर बघून आई म्हणाली, एवढं महाग आहे म्हणजे खरंच असणार. एलिट फोर हरवले, हॉल ऑफ फेम झालं, परत चालू केलं तर सेव्ह गायब. दुकानदार म्हणतो, "तू काहीतरी दाबलं असशील." आजही त्या दुकानावरून जाताना मी तिकडे बघत नाही.

जोहटो_जोशी:
नकली माल घेतलात, मग नकलीच अनुभव येणार.

पॅल्डिया_पुणे:
चौथीतल्या पोराने कार्ट्रिज खोलून सर्किट तपासायला हवं होतं, नाही का? तुमच्यासारख्या लोकांमुळेच या गेमच्या ग्रुपवर नवीन कुणी टिकत नाही. कुणी काही विचारलं की आधी पावती दाखवा!

जोहटो_जोशी:
पावती कुणी मागितली? सेव्ह स्टेट वापरून शौर्य सांगू नका, एवढंच म्हणालो.

स्लेकिंग_सातारा:
मी सेव्ह स्टेट वापरलं नव्हतं, तरी मेला. नोंद असावी.

रिकामा_सहावा:
धागा शेडिंजावर आहे हो.

पॅल्डिया_पुणे:
बरं, शेडिंजावर येतो. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये घेतला नाही याचं कारण कंपनीने दिलेलं नाही, पण आकडेमोड करा. टेरास्टल करून (लढाईत टाइप बदलून) इलेक्ट्रिक करायचा, हातात हवेत तरंगवणारा एअर बलून. उरली कमजोरी फक्त ग्राउंड, आणि तो हवेत. बलून फुटायला मार लागावा लागतो, तो वंडर गार्ड लागूच देत नाही. मग मारणार कशाने? विष, हवामान, अ‍ॅबिलिटीला न जुमानणारा मोल्ड ब्रेकरवाला कुणीतरी. यापैकी काही नसेल तर समोरच्याने घरी जायचं. "टाकाऊ" म्हणून काढला असेल यावर माझा विश्वास नाही. मला तर तो फारच चालला असता म्हणून काढला असं वाटतं.

स्लेकिंग_सातारा:
हे असलं खेळायला मजा येते का पण? म्हणजे एकतर काहीच लागत नाही, नाहीतर कशानेही मरतो. मधलं काही नाही. गेम आहे की नाणेफेक?

माचिदाकर:
मला जास्त खटकतं ते हे, की किड्यांच्या वेडातून हा सगळा उद्योग उभा राहिला आणि बग टाइपची ही अवस्था. फायर, फायटिंग, फ्लाइंग, पॉयझन, घोस्ट, स्टील, वर फेअरी आल्यावर तीही. सात टाइप बगचा मार अर्धा करतात. पहिल्या पिढीत तर बगला धड मूव्हच नव्हती, लीच लाइफची पॉवर 20. अशात एका बगला तुम्ही हात लावू शकत नाही अशी अ‍ॅबिलिटी मिळाली, तर तोच टाकाऊंच्या यादीत पहिला.

कॅफेतला_ट्रेको:
पोकेमॉन गोमध्ये बघा त्याची अवस्था. अ‍ॅबिलिटीच नाहीत तिथे, वंडर गार्ड गेलं. उरलं काय, तर कवच. तिथे टाकाऊ म्हणालात तर मी सही करतो.

स्लेकिंग_सातारा:
ठीक आहे. माचिदाकरांच्या लेखनशैलीचा मान राखून शेडिंजाला पहिल्यावरून तिसऱ्या क्रमांकावर आणतो. लुवडिस्कचं अभिनंदन.

रिकामा_सहावा:
तिसरा? म्हणजे स्पिंडा त्याच्यापेक्षा बरा?

स्लेकिंग_सातारा:
नॉर्मनच्या स्पिंडाचा टीटर डान्स बघितलाय का? तुमचा हिरो गोंधळात स्वतःलाच मारून घेईल.

जोहटो_जोशी:
हा मुद्दा बरोबर आहे, आणि मला तो कबूल करावा लागतोय याचंच दुःख.

नवीन_निनकाडा:
नमस्कार, मी ओमेगा रुबी, होएनचा सहाव्या पिढीतला गेम, खेळतेय. निनकाडा काल विसाव्या लेव्हलला पोचला, टीममध्ये दोन जागा रिकाम्या होत्या, निंजास्क झाला पण शेडिंजा आलाच नाही. गेम बिघडलाय का?

रिकामा_सहावा:
गेम ठीक आहे, ताई. चौथ्या पिढीपासून बॅगेत पोकेबॉलही असावा लागतो. होता का?

नवीन_निनकाडा:
अल्ट्रा बॉल भरपूर आहेत.

रिकामा_सहावा:
ते नाही चालत. साधा पाहिजे, 200 वाला.