लायनफिश घ्यायचाच तर ड्वार्फ घ्या, आणि सोबती त्याच्या जबड्याकडे बघून निवडा

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. सांगली-मिरजेत खाऱ्या पाण्याची टाकी करणारे आता बरेच झालेत, आणि त्यातल्या पुष्कळांचा जीव लायनफिशवर, म्हणजे लांब पसरट पंखांच्या, विषारी काट्यांच्या माशावर असतो. त्यात नवल नाही, मासाच तसा आहे. पण तो घरी येतो कसा ते बघा. मुंबईहून बोटाएवढं व्होलिटान्सचं (लायनफिशची मोठी जात) पिल्लू पिशवीतून येतं आणि तीन फुटी टाकीत जातं. मग टाकी रिकामी दिसते म्हणून दोन क्लाउनफिश, चार निळे डॅमसेल आणि वर एक चावरा ट्रिगरफिश सोडला जातो. या जोडणीला माझा पूर्ण विरोध आहे.

आधी जागेचं बोलू. व्होलिटान्स टाकीतसुद्धा फूटभर वाढतो, समुद्रात त्याहून मोठा होतो. पंख उघडले की त्याची रुंदीही तेवढीच. ३ बाय दीड बाय दीड फुटाच्या टाकीत १९० लिटरच पाणी मावतं, दगड टाकल्यावर त्याहून कमी. ४ बाय २ बाय २ केली तर ४५० लिटर होतं, आणि त्याखालच्या टाकीत हा मासा ठेवणं म्हणजे त्याला कोंडून घालणं. फझी ड्वार्फ किंवा झेब्रा ड्वार्फ या लहान जातींचा लायनफिश १५ ते १८ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. त्याला पोहण्यापेक्षा कपारीत बसून राहणं आवडतं, त्यामुळे २०० लिटरमध्ये तो नीट राहतो. सांगलीतल्या साध्या फ्लॅटमध्ये हेच झेपण्यासारखं आहे.

आता सोबती. दुकानदार सांगतो, "शांत मासा आहे, कुणाच्या वाटेला जात नाही." हे खरंच आहे. लायनफिश भांडत नाही, तो गिळतो. संध्याकाळी टाकीचा दिवा मंद करा आणि बघत बसा. छातीचे दोन्ही पंख भिंतीसारखे पसरून तो समोरच्याला कोपऱ्यात घेतो, सावकाश, अजिबात घाई नाही. व्होलिटान्स तर जवळ गेल्यावर तोंडाने पाण्याचा झोत सोडतो. छोटा मासा प्रवाहाकडे तोंड वळवतो आणि त्याच क्षणी जबडा उघडतो. पुढचं दिसतसुद्धा नाही, फक्त एक मासा कमी झालेला असतो. म्हणून सोबती निवडताना त्याचा स्वभाव नंतर बघा, आधी तो या जबड्यात जाईल का ते बघा. आणि लांबी मोजू नका, अंगाची उंची आणि जाडी मोजा. लांब पण सडपातळ मासा आत आरामात जातो. डॅमसेल, क्रोमिस, कार्डिनल, क्लीनर कोळंबी ही सगळी त्याच्या लेखी जेवणं आहेत.

तुमचं काय मत?

मिरजकर

कृष्णाकाठ, जबड्याच्या नियमाला माझा शंभर टक्के पाठिंबा. पण "ड्वार्फच घ्या" हे मला अजिबात पटत नाही.

माझ्याकडे ६ बाय २ बाय २ ची टाकी आहे, ६८० लिटरची. त्यात व्होलिटान्स, एक फॉक्सफेस, एक स्नोफ्लेक ईल (सापासारखा वाम मासा) आणि दोन सोल्जरफिश आहेत. कुणी कुणाला हात लावत नाही. फॉक्सफेस शेवाळ खातो आणि त्याच्या पाठीतही विषारी काटे असतात, त्यामुळे तो कुणाला भीत नाही. सोल्जर अंगाने जाड आणि रात्रीचे, तेही निवांत. स्नोफ्लेकचे दात बोथट असतात, त्याला खेकडे-कोळंबी लागते, मोठ्या माशांकडे तो सहसा बघत नाही. फक्त झाकण घट्ट पाहिजे, नाहीतर ईल बाहेर पडलीच म्हणून समजा.

खरी अडचण खाण्याची. व्होलिटान्स मेलेल्या कोळंबीवर लवकर येतो, इतका धीट मासा खाऱ्या पाण्याच्या टाकीत कमी. ड्वार्फ कपारीत जाऊन बसतो, दिवसा दिसत नाही, कधी कधी जिवंत खाण्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि फू मांचू ड्वार्फ तर नवख्याने घेऊच नये, उपाशी राहून मरतो. नवीन माणसाला अवघड मासा सुचवायचा आणि सोपा नाकारायचा, हे बरोबर आहे का? दोष लहान टाकीचा आहे, तो माशाच्या माथी नको.

तासगावची

दोघांनाही नम्रपणे विचारते, हा मासा इथं आणायचाच कशाला?

क्लाउनफिशची पैदास आपल्या देशात होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र केव्हाच बसवलंय. टाकीत जन्मलेला मासा घ्या, माझी काही तक्रार नाही. पण दुकानात येणारा लायनफिश बहुतेक करून समुद्रातूनच पकडलेला असतो. मग तो प्रवास करून एप्रिल-मेच्या सांगलीत येतो, जिथं पारा ४० ला टेकतो आणि त्याला पाणी लागतं २४ ते २७ अंशांचं. २०१९ च्या महापुरात आपल्याकडे किती भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती, ते आठवा. २०२१ लाही पूर आलाच. पंप बंद म्हणजे पाण्यातला प्राणवायू बंद.

आणि पाण्याचं काय? टाकीसाठी पाणी आरओ फिल्टरमधून शुद्ध करतात, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त गटारात जातं. पलीकडे जत-आटपाडीत टँकरची वाट बघतात माणसं. मला हे खटकतं.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, तुमचा पाण्याचा मुद्दा मला मान्य आहे. आरओतून बाहेर पडणारं पाणी गटारात सोडायचं नाही, बादलीत धरायचं. फरशी, गाडी, कुंड्या यांना चालतं. टाकीतून काढलेलं खारं पाणी मात्र झाडाला घालू नका.

उन्हाळ्याला उपाय आहेत. आपल्याकडचा एप्रिल कोरडा असतो, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा लावला तरी दोन-तीन अंश उतरतात. पण त्याने पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. म्हणून वरून घालायचं ते गोडं आरओ पाणी, रोज. खारं पाणी घालत राहिलात तर चार दिवसांत क्षारता चढते. मोठ्या टाकीला पंखा पुरत नाही, पाणी थंड करणारा चिलर लागतो. माझा जोर ड्वार्फवर आहे तो यासाठीसुद्धा. २०० लिटरची टाकी पंखा, इन्व्हर्टर आणि बॅटरीवरचा एअर पंप यांवर तग धरते. मिरजकरांची ६८० लिटर तशी धरत नाही. मिठाचाही हिशोब करा. लिटरला साधारण ३५ ग्रॅम धरलं तर २०० लिटरला ७ किलो, ६८० ला जवळजवळ २४ किलो. लायनफिश खातो भरपूर आणि घाणही तितकीच करतो, म्हणजे पाणी बदलणं चुकत नाही.

मिरजकर, तुमची टाकी आदर्श आहे, पण तशी किती घरांत बसेल? मी सल्ला देतोय तो तीन फुटी टाकी घेऊन बसलेल्याला.

कुपवाड रोड

माझ्याकडे व्होलिटान्स आणि नायगर ट्रिगर एकत्र आहेत, काही प्रॉब्लेम नाही. उगाच लोकांना घाबरवताय.

मिरजकर

भाऊ, दोघं किती मोठे आहेत? पिल्लं असतील तर काहीच होणार नाही. नायगर हा ट्रिगरांमध्ये त्यातल्या त्यात सौम्य, हेही खरं. पण कुठल्याही ट्रिगरला हलणारी, लोंबणारी वस्तू चावून बघायची सवय असते, आणि लायनफिशचे पंख त्याला समोरच लोंबताना दिसतात. पंखांच्या टोकांचे तुकडे गेलेले दिसले की समजायचं, सुरुवात झाली. लायनफिश पळत नाही, उलट काटे उभारून जागेवर थांबतो. काट्यांचा ट्रिगरला फरक पडत नाही, तो मागून चावतो. पफर आणि पॉर्क्युपाइनचंही तेच. इथं मी कृष्णाकाठच्या बाजूने आहे.

विश्रामबागची आई

माझा प्रश्न वेगळा आहे. ह्यांना लायनफिश हवाय आणि घरात दोन लहान मुलं आहेत. काटे विषारी असतात म्हणे. ड्वार्फचे कमी विषारी का?

वैद्य मिरज

ताई, ड्वार्फलाही विषारी काटे असतातच, लहान मासा म्हणून सूट नाही. व्होलिटान्सला पाठीवर १३, पोटाखाली २ आणि मागच्या बाजूला ३ असे एकूण १८ विषारी काटे असतात. छातीचे मोठे पंख, जे सगळ्यांना भीतीदायक वाटतात, त्यांत विष नसतं. मासा अंगावर धावून येत नाही. टोचतं ते टाकीत हात घालून दगड हलवताना, नाहीतर मासा जाळीत धरताना. मेलेल्या माशाचा काटासुद्धा टोचला तर विष चढतं, हे लक्षात ठेवा.

टोचलं तर भाग गरम पाण्यात बुडवायचा, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास. ते विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने मोडतं आणि वेदना उतरतात. पाणी किती गरम आहे ते न टोचलेल्या हाताने बघायचं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही आणि लोक भाजून घेतात. बर्फ लावू नका. धाप लागली, चक्कर आली, सूज वर चढायला लागली तर थेट दवाखाना. धडधाकट माणूस यातून सहसा दगावत नाही, पण वेदना भयंकर असतात. लहान मूल असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. टाकीच्या झाकणाला कुलूप लावा आणि मुलांच्या उंचीला खुर्ची-स्टूल ठेवू नका. हे पाळणं जमणार नसेल तर मुलं मोठी होईपर्यंत थांबलेलं बरं.

कॉलेज कट्टा

ड्वार्फसोबत समुद्रघोडा आणि खरे कोरल ठेवले तर? दोन्ही हळू, शांत.

कृष्णाकाठ (सांगली)

नको रे बाबा. समुद्रघोडा आणि प्रवाळ दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, २००१ पासून. कुणी विकत असेल तर घेऊ नकोस. लायनफिश कोरल खात नाही हे खरं, पण आपल्याला सिरॅमिकचे किंवा जुने कोरडे दगडच बरे. आणि दोन फझी ड्वार्फ ठेवणार असशील तर दोन नर नकोत, ते एकमेकांना जखमी करतात. नराचं डोकं मोठं आणि छातीचे पंख लांब असतात.

तासगावची

खाणं काय घालता, हे कुणीच नीट सांगितलं नाही. दुकानात तर गोल्डफिश आणि गप्पी "फीडर", म्हणजे जिवंत खाणं, म्हणून देतात. तेही जीवच आहेत.

मिरजकर

ताई, या एका बाबतीत आपण तिघंही एक आहोत. गोड्या पाण्याचे फीडर अजिबात नकोत. गोल्डफिशमध्ये थायामिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. त्यात भर म्हणजे त्यांची चरबी लायनफिशला पचत नाही, यकृत बिघडतं. मासा जाडजूड दिसतो आणि एक दिवस उलटा पडतो.

बाजारात कोकणातून बर्फात येणारी कोळंबी आणि म्हाकूल घ्या, सोलून तोंडाच्या मापाचे तुकडे करा, वरून जीवनसत्त्वाचे थेंब घाला. पारदर्शक ॲक्रिलिकच्या काडीला तुकडा टोचून त्याच्यासमोर हलवायचा, पोहल्यासारखा. आधी डोळा फिरतो, मग अंग तिरकं होतं, मग काडीला झटका बसतो. सुरुवातीला दोन-तीन दिवस बघतही नाही, धीर धरायचा. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. रोज हात पसरल्यासारखा काचेशी येईल, तरी द्यायचं नाही.

म्हणूनच विकत घेताना दुकानदाराला सांगा, माझ्यासमोर मेलेली कोळंबी खाऊ घाल. खाल्ली तर घ्या, मग तो व्होलिटान्स असो की ड्वार्फ. माझी अट ही एवढीच, तुमची "ड्वार्फच" ही अट मला अजूनही मान्य नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

समोर खाऊ घालायची अट मी माझ्याही सल्ल्यात घेतो. पण त्याच्या आधी टाकीला टेप लावा. चार फुटांच्या आत असेल तर व्होलिटान्सचं पिल्लू कितीही छान कोळंबी खात असलं तरी घेऊ नका. "मोठा झाला की परत देऊ" असं सगळे म्हणतात. फूटभर वाढलेला विषारी मासा परत घ्यायला दुकानदार तयार नसतो.

तासगावची

आणि परत घेतला नाही तर? उजनी धरणात सकर मासा असाच कुणाच्या तरी टाकीतून गेला. फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये पहिला लायनफिश सापडला, तोही हौशी लोकांनी सोडलेला असावा असंच मानतात. आज कॅरिबियनभर तो स्थानिक माशांची पिल्लं संपवतोय.

मिरजकर

कृष्णेत सोडला तर गोड्या पाण्यात मरेल. कोकणात सोडला तर टाकीतला रोग समुद्रात जाईल. दोन्ही चूकच. ज्याला पुढं जमणार नाही त्याने मला कळवा, माझ्या टाकीत सध्या जागा नाही, पण मोठ्या टाकीवाले दोघं-तिघं ओळखीचे आहेत, त्यांच्याशी गाठ घालून देतो. विश्रामबागच्या ताई, तुमच्या घरी टाकी किती फुटी आहे?

विश्रामबागची आई

अडीच फुटी.

कृष्णाकाठ (सांगली)

मग आत्ता लायनफिश नाहीच, ड्वार्फसुद्धा नाही. ह्यांना सांगा, टाकीत जन्मलेली क्लाउनची जोडी आणा, वर्षभर क्षारता आणि तापमान सांभाळून दाखवा, तोवर मुलंही थोडी मोठी होतील. पुढं मोठी टाकी केलीत तर क्लाउन याच टाकीत राहू द्या.