नदीकाठ बांधला की पूर कमी होतो का वाढतो?

औंधकर७२:
मंडळी एक बेसिक प्रश्न. परवा पुण्यात बंडगार्डनजवळ नदीचा तो नवीन बांधलेला काठ बघून आलो, दिसायला झकास आहे, खोटं कशाला बोलू. बायको म्हणाली वास मात्र तोच आहे :) पण मुद्दा वेगळाच, आमची मावशी मुठेकाठच्या एकतानगरीत राहते, २५ जुलै २०२४ ला पहाटे त्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, स्कूटर कायमची गेली. मुळा-मुठेचे काठ बांधून सुशोभित करायचा हा ४४ किमीचा प्रोजेक्ट पूर्ण झाल्यावर तिला फरक पडेल का? राजकारण नको प्लीज.

खडकवासलेकर:
पुण्यात नदीबद्दल विचारायचं आणि वर राजकारण नको, हाहा. अहो खडकवासला धरण २ टीएमसीचं पण नाही, वरची पानशेत-वरसगाव धरणं भरली की आलेलं पाणी खाली सोडावंच लागतं. त्या दिवशी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला होता. एवढं पाणी यायला पात्र मोकळं पाहिजे, ते भराव टाकून आवळलं तर पाणी वर चढणारच ना. नकाशात पूररेषा असतात, निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आता पाऊसच असा पडतो की जुने आकडे पुरत नाहीत.

सिव्हिलवाला:
पालिकेचं म्हणणं आहे की पुराची पातळी वाढणार नाही, अडथळे काढणार. असो. वासाचं बोलाल तर तो काठाला घाट बांधून जात नाही, मैलापाणी थांबल्यावर जातो, त्यासाठी जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून ११ एसटीपी म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, एकूण ३९६ एमएलडीची (दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर), हा वेगळा प्रोजेक्ट आहे. माझ्या मते आधी तो पूर्ण करा मग बाकी सजावट. साबरमतीचं उदाहरण लोक देतात पण तिथे नर्मदेच्या कालव्याचं पाणी येतं, आपल्याकडे कुठून आणणार?

वाळुंज_ताई:
सगळे नदीवरच बोलताय, ओढ्यांचं काय? २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने रात्रीत माणसं नेली, तो पूर काही खडकवासल्यातून सोडलेला नव्हता, कात्रजकडून ओढ्यातनं आला. ओढे मोकळे करा, काठावरचे वाळुंज, करंज, उंबर ठेवा, माती धरून ठेवतात ती झाडं, पाणी मुरतं. दगडी पायऱ्यांत काय मुरणार?

औंधकर७२:
धन्यवाद सगळ्यांना. ताई, ओढ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. मावशीला सांगितलं की जागा निळ्या रेषेत आहे का ते नकाशात बघ, तर म्हणाली फ्लॅट घेताना बिल्डरने फक्त रिव्हर व्ह्यू दाखवला होता.