ग्रीसच्या बेटांत मित्रमंडळींसोबत शिडाची बोट: अनुभव, टिपा येऊ द्या

दर्यावर्दी
सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हायड्रा बेटाच्या धक्क्याचा फोटो टाकला, तीन रांगांत एकमेकींना बांधलेल्या बोटी, आणि जुनं सगळं वर आलं. टाकणाऱ्याचं आठ जणांचं टोळकं पुढच्या जुलैत जातंय. बेत काय, तर आठवड्यात अथेन्स ते सँटोरिनी आणि परत! हे का जमत नाही ते लिहितो, बाकीच्यांनी आपापलं जोडा.

एका बाजूचं अंतर सव्वाशे सागरी मैलांच्या आसपास. चाळीस फुटी बोट ताशी पाच-सहा मैल काटते. जाताना वारा पाठीशी, म्हणून मजेत जाल. येताना तोच नाकावर. जुलै-ऑगस्टात एजियन समुद्रात उत्तरेचा मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. आकाश निरभ्र, ढगाचा टिपूस नाही, आणि सलग तीन-चार दिवस २५-३० नॉट (ताशी सागरी मैल). बाल्कनवर जास्त दाब, तुर्कस्तानावर कमी दाब, हे कारण. तो कमी दाब आपल्या मान्सूनच्या पट्ट्याचंच पश्चिमेचं टोक, म्हणून कोकणात पाऊस लागला की तिकडे हा चालू. बोट शनिवारी सकाळी ९ला ताब्यात द्यायची, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळीच तळावर हजर. मेल्तेमी त्यासाठी थांबत नाही. शिवाय सँटोरिनीच्या कड्याखाली पाणी इतकं खोल की नांगर टाकून उपयोग नाही. दक्षिणेला व्लिखाडाचा छोटा मरिना (बोटींचा तळ), तेवढाच आसरा. सँटोरिनी फेरीबोटीने करा.

नवख्यांना अथेन्सजवळचं सारोनिक आखात बरं: आलिमोस (अथेन्सचा मरिना), एजिना, पोरोस, हायड्रा, एर्मिओनी, परत. जातानाचा सगळ्यात लांब टप्पा पहिलाच, १६-१७ मैल. नाहीतर पश्चिमेचा आयोनियन समुद्र: लेफ्कादा, मेगानिसी, इथाका, फिस्कार्दो. तिथे सकाळी वारा पडलेला, दुपारी एकनंतर वायव्येचा उठतो आणि सूर्य बुडाला की बसतो. घड्याळ लावावं.

सुकाणू_७७
आठ जण, चार केबिन, मग स्किपर कुठे झोपणार? हे आधी ठरवा. भाड्याचा स्किपर घेतला की त्याला झोपायची जागा आणि जेवण आपल्याकडे. मग कुणीतरी दोघं बैठकीच्या टेबलावर फळी टाकून.
स्वतः चालवणार असाल तर ग्रीसमध्ये स्किपरकडे मान्य परवाना (आयसीसी, म्हणजे बोट चालवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, चालतं), आणि आणखी एकाला बोटीची माहिती असल्याचं लेखी. क्रोएशियात व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्रही मागतात.

मिरजकर
+१. सूटकेस नेऊ नका रे!!! कडक बॅग ठेवायला बोटीत जागाच नसते. घडी होणारी सॅक आणा.

आभाळमाया
व्हिसाचं कुणीच बोलत नाहीये. शेंगेन, आणि हॉटेलच्या जागी बोटीचा करार + क्रू लिस्ट (बोटीवरच्या सगळ्यांची यादी) लावायची. क्रू लिस्टवरची नावं पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तशीच हवीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा. पहिली-शेवटची रात्र जमिनीवर असेल तर तिचं बुकिंग वेगळं जोडा.
कोस बेटावरून तुर्कस्तानातलं बोद्रुम समोर दिसतं, कॉर्फूवरून अल्बानिया. "जाऊन येऊ जरा" म्हणाल तर शेंगेनबाहेर पडलात. सिंगल एन्ट्री असेल तर परत आत येता येणार नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, युरोही त्याच दिवशी आला.

बंड्या_डोंबिवली
वाचतोय. आमचं समुद्रपर्यटन म्हणजे भाऊचा धक्का ते रेवस 😀
बोट बांधताना भरती-ओहोटीचा हिशेब कसा धरता?

दर्यावर्दी
@बंड्या, धरावाच लागत नाही. मुंबईला उधाणात पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, तिकडे बहुतेक ठिकाणी हातभरसुद्धा नाही. म्हणूनच बोटीची पाठ धक्क्याला लावून, पुढे नांगर टाकून बांधता येतं. रेवसला असं बांधून बघा, ओहोटीला दोर तुटतील नाहीतर धक्का.

नांगरगाठ
आता बांधण्याचंच लिहिते, कारण भांडणं इथेच होतात.

बंदरात शिरण्याआधी, बाहेर मोकळ्या पाण्यात: दोन्ही बाजूंना फेंडर (बोट घासू नये म्हणून लावायचे फुगे) लटकवा, मागेही एक. मागचे दोन दोर क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधून, कठड्याच्या बाहेरून आणि खालून काढून हातात. कठड्यावरून दोर टाकलात तर ताण आल्यावर कठडाच वाकतो, आणि मग डिपॉझिट गेलं. डिंगी (सोबतची छोटी होडी) मागे ओढत असाल तर पुढे आणून बांधा.

धक्क्यापासून बोटीच्या लांबीच्या तीन-चारपट अंतरावर पाठ वळवा, नांगर सोडा, रिव्हर्स. रिव्हर्समध्ये पाण्यातल्या पंख्यामुळे (प्रोपेलर) बोटीची पाठ एका बाजूला सरकते, बहुतेक डावीकडे, त्यामुळे थोडा वेग घेतल्याशिवाय सुकाणू ऐकत नाही. चाक घट्ट धरा, झटका देतं. साखळी सोडणारा आणि चाकावरचा यांच्यात आरडाओरडा नको, हाताच्या खुणा ठरवा. साखळी मध्येच अडवली की बोटीचं तोंड वाऱ्याबरोबर फिरतं. धक्का बोटीच्या अर्ध्या लांबीवर आला की साखळी थोपवून नांगर धरलाय का बघा. मग वाऱ्याकडच्या बाजूचा दोर आधी, दुसरा नंतर, मग पुढून साखळी ताणा.

नवखे नांगर नेहमी जवळ टाकतात. रात्री वारा फिरला की पाठ धक्क्यावर आपटते.

सुकाणू_७७
👏 विंडलासचं (नांगराची साखळी ओढणारं यंत्र) पण लिहा. इंजिन चालू ठेवूनच वापरायचं आणि बोट त्याने ओढायची नाही. इंजिनने पुढे जायचं, विंडलास फक्त ढिली साखळी गोळा करतं. नाहीतर फ्यूज उडतो. त्याचं बटण कुठल्या केबिनमध्ये आहे ते ताबा घेतानाच विचारा.

नांगरगाठ
हो. आणि हायड्राला नांगर एकमेकांत अडकणारच, बंदर टीचभर. घाबरायचं नाही. नांगर वर घ्या, दुसऱ्याची साखळी त्यावर लोंबकळताना दिसेल. तिच्याखालून एक दोर घालून दोन्ही टोकं आपल्या क्लीटला. आता आपला नांगर मीटरभर खाली सोडा, तो मोकळा होतो. थोडं मागे या, दोराचं एक टोक सोडा. साखळीत हात अजिबात घालायचा नाही.

मालवणी_मसाला
मोकळ्या खाडीत नांगर टाकायचा तर पाण्यात फिकट पट्टा दिसतो तिथे, ती वाळू. काळसर दिसतं ते समुद्री गवत, त्यात नांगर घसरतो आणि त्या गवताला संरक्षणही आहे. साखळी खोलीच्या पाचपट, वारा असेल तर सातपट. मग रिव्हर्समध्ये ओढून बघायचं. गॉगल लावून उडी मारून नांगर डोळ्यांनी पाहिला तर उत्तम, पाणी काचेसारखं असतं.

स्वैपाकघर_तै
जेवणाचं मी सांगते. कुकर न्या, लहान तीन लिटरचा. झाकण बंद असतं म्हणून बोट कलली तरी सांडत नाही, गॅसही वाचतो. शेगडी झुलती असते, तिची खिटी काढून मोकळी सोडा. गॅस दर वेळी सिलिंडरपाशीच बंद, कारण गळला तर तो जड असल्याने बोटीच्या तळाशी साचतो.
पोहे, रवा, मेतकूट, डाळी चालतात. पेढे, तूप, खवा नाही, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे. शाकाहारींनी तिथे फावा मागवा, म्हणजे आपलं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल.

बंड्या_डोंबिवली
तै, कुकरच्या शिट्टीने शेजारची बोट जागी होईल 😂

स्वैपाकघर_तै
होऊ दे की, वास आला की ताट घेऊन येतील!

आभाळमाया
बोट लागण्यावर काय घेता? माझ्या नणंदेला रेवसच्या बोटीतसुद्धा होतं.

मिरजकर
अॅव्होमिन, डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. मळमळायला लागल्यावर घेऊन काही होत नाही. आलेपाक चघळायला. आणि केबिनमध्ये आडवं व्हायला पाठवू नका, वर बसवून क्षितिजाकडे बघायला सांगा. चाक हातात दिलं तर बऱ्याच जणांचं थांबतं.

सुकाणू_७७
संडास! कागद, वाइप्स काहीही टाकायचं नाही, नळी मनगटाएवढीच. हातपंप असेल तर वीसेक वेळा मारा, नाहीतर घाण नळीतच राहते. टाकी बंदरात उघडायची नाही, लांब खोल पाण्यात.
फ्रिज बॅटरी खातो. रात्री खाडीत असाल आणि व्होल्टमीटर १२च्या खाली चालला तर फ्रिज बंद करा, नाहीतर सकाळी दिवे नाहीत, पाण्याचा पंपही नाही.

मालवणी_मसाला
इंजिन चालू केल्यावर एक्झॉस्टमधून त्याला थंड ठेवणारं पाणी पडतंय का बघा, दर वेळी. नसेल तर लगेच बंद. आधी पाण्याचा व्हॉल्व्ह, मग गाळणीत गवत किंवा प्लास्टिकची पिशवी, मग इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र), याच क्रमाने तपासा. सुटा इम्पेलर बोटीवर आहे ना ते बोट घेतानाच विचारा.

दर्यावर्दी
सगळ्यांना दंडवत. बोट घेतानाचा व्हिडिओ मात्र विसरू नका: बाहेरून, तळाशी पंखा, डिंगीचं इंजिन, शिडं पूर्ण उघडून. डिपॉझिट दोन-तीन हजार युरो कार्डावर अडकतं, भारतातल्या कार्डाची परदेशी मर्यादा आधी वाढवून घ्या.

बंड्या_डोंबिवली
दोन-तीन हजार युरो 😳 रेवसच बरं. तै, कुकर घेऊन येताय का?