वरून खालचा संगणक उघडतो, खालून वरचा सापडतच नाही: एका घरात दोन राउटर

इंदिरानगर_रोहाऊस

नमस्कार. नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचे दुमजली रो हाऊस आहे. खालच्या हॉलमध्ये फायबर कंपनीचे उपकरण आहे आणि विंडोज १० चा डेस्कटॉप त्याला केबलने जोडलेला आहे. मधल्या स्लॅबमुळे वरच्या खोलीत वायफाय नीट मिळत नव्हते, म्हणून गच्चीच्या कडेने केबल ओढून वर दुसरा राउटर बसवून घेतला. पत्नी द्राक्ष बागायतदारांचे हिशेब लिहून देते. ती वर विंडोज ११ च्या लॅपटॉपवर बसते, तो लॅपटॉप वरच्या राउटरला केबलने जोडलेला आहे, आणि एक्सेलच्या सगळ्या फायली मात्र खालच्या डेस्कटॉपवरील शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आहेत.

इंटरनेट दोन्हीकडे चालते. तक्रार वेगळीच आहे. लॅपटॉपच्या ‘नेटवर्क’मध्ये डेस्कटॉप दिसत नाही, पण त्याचा आयपी पत्ता टाइप केला तर तो सापडतो आणि युजरनेम व पासवर्ड विचारतो, तेथे रोज संगणक उघडताना वापरतो तोच आकडा टाकला, तरी तो स्वीकारत नाही. उलट बाजूने डेस्कटॉपवरून लॅपटॉपला किंवा वरच्या वायफाय प्रिंटरला पिंग केले (ते यंत्र उत्तर देते का ते तपासले), तर नुसते ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येते. डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५ आहे, लॅपटॉपचा १९२.१६८.०.१०५.

दुसरी बाब वेगाची. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. खाली जवळपास पूर्ण वेग मिळतो, वर मात्र केबल लावूनही ९५ च्या पुढे काटा जात नाही. केबल ओढणारा म्हणतो फायबरवाल्यांना विचारा, आणि फायबरवाले म्हणतात राउटर तुमचा आहे.

सातपूरकर

आपण दोन्ही पत्ते दिलेत हे फार बरे केले, कारण उत्तर त्यांतच आहे. तिसरा आकडा एकीकडे १ आणि दुसरीकडे ० आहे, म्हणजे घरात एक नव्हे, दोन नेटवर्क आहेत. खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी असलेल्या खाचेत, लावली असणार. तसे केले की वरचा राउटर खालच्या संपूर्ण घराला ‘बाहेरचे जग’ समजतो आणि आपल्या पलीकडच्या यंत्रांना स्वतःचे वेगळे पत्ते वाटतो.

एकच बाजू चालण्याचे कारणही हेच आहे. लॅपटॉप जेव्हा डेस्कटॉपकडे जातो, तेव्हा वरचा राउटर त्याचा पत्ता झाकून स्वतःचा १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता पुढे करतो. त्यामुळे डेस्कटॉपला तो आपल्याच आळीतला वाटतो. विंडोजचा फायरवॉल सहसा स्थानिक नेटवर्कमधूनच फाइल शेअरिंगला परवानगी देतो, आणि तोही त्याला अडवत नाही. डेस्कटॉपकडून निघालेली विचारणा मात्र खालच्या उपकरणाकडे जाते, त्याला १९२.१६८.०.१०५ हा पत्ता कुठे आहे हे ठाऊक नसते, आणि ती विचारणा तिथेच विरते. ‘नेटवर्क’मध्ये नाव न दिसण्याचा प्रकारही याच जातीचा आहे: एकमेकांची नावे शोधणारे संदेश फक्त आपापल्या नेटवर्कपुरते फिरतात, राउटर ओलांडत नाहीत.

पासवर्डचे कारण निराळे आहे. संगणक उघडताना आपण जो आकडा टाकता तो बहुधा पिन आहे, आणि पिन फक्त त्याच यंत्रासमोर बसून चालतो. दुसऱ्या यंत्रावरून येताना खात्याचा खरा पासवर्डच लागतो.

गोदाकाठ

एवढा खटाटोप कशाला? वरच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विचारणा आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवणे) करून प्रिंटर आणि लॅपटॉप दोन्ही खुले करावेत. नाहीतर दुसरा राउटर काढून टाकावा आणि पूर्वी करत असू तसे डेस्कटॉपवर विंडोजचे इंटरनेट कनेक्शन शेअरिंग सुरू करावे, म्हणजे डेस्कटॉपच आपले इंटरनेट पुढे वाटतो. त्यासाठी एक जादा नेटवर्क कार्ड पुरते.

पंचवटी_नेटवर्किंग

गोदाकाठ यांचा दुसरा उपाय एके काळी घरोघरी होता, पण आज येथे तो सुचवणार नाही. त्यात वरच्या मजल्याच्या इंटरनेटसाठी खालचा डेस्कटॉप कायम सुरू ठेवावा लागतो आणि लाईट गेली की दोन्ही मजले एकदम बंद पडतात. शिवाय विंडोज स्वतःला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेऊन आणखी एक निराळे नेटवर्क तयार करते, म्हणजे मूळ दुखणे तसेच राहते. विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत तर संगणक रीस्टार्ट केल्यावर हे शेअरिंग गप्प बसते आणि पुन्हा हाताने चालू करावे लागते.

पोर्ट फॉरवर्डिंगबद्दल अधिक सावध राहावे. फाइल शेअरिंगचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट (येथे केबलची खाच नव्हे, नेटवर्कवरचे क्रमांक दिलेले दार) वरच्या राउटरपुरते उघडले तर कदाचित निभावेल, पण अशा प्रयोगात लोक तेच खालच्या उपकरणावरही उघडून ठेवतात, आणि मग घरातील फोल्डर थेट इंटरनेटच्या दारात येतो. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला तो याच पोर्टच्या वाटेने. कोणी ‘एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) सुरू करा, लगेच चालेल’ असे सांगितले तर त्यालाही नम्रपणे नकार द्यावा. विंडोज १० आणि ११ यांना आपसात बोलायला त्याची गरज नाही.

खरा उपाय म्हणजे वरच्या राउटरला राउटर राहू न देणे. त्याच्या मेन्यूत ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ (स्वतः पत्ते न वाटता खालचेच नेटवर्क पुढे नेणे) असेल तर तो निवडावा, बाकीचे बहुधा आपोआप होते. नसेल तर हाताने करावे, आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. खालच्या उपकरणाचा डीएचसीपी कोणकोणते पत्ते वाटतो ते आधी पाहावे. मग लॅपटॉप केबलने वरच्या राउटरलाच जोडलेला ठेवून त्या राउटरचा लॅन (घरातल्या बाजूचा) पत्ता त्या वाटपाबाहेरचा द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५०. वाटप थेट २५४ पर्यंत असेल तर खालच्या उपकरणात ते २०० वर आणून ठेवावे. त्या दरम्यान खालून आलेली केबल काढून ठेवलेली बरी, कारण वॅन आणि लॅन दोन्हीकडे एकाच मालिकेचे पत्ते दिसले तर काही राउटर स्वतःहून पत्ता बदलतात. नंतर नव्या पत्त्यावरून पुन्हा आत जाऊन वरच्या राउटरचा डीएचसीपी बंद करावा. सगळ्यात शेवटी खालून आलेली केबल वॅनऐवजी कोणत्याही लॅन पोर्टमध्ये लावावी. डीएचसीपी आधीच बंद केला तर लॅपटॉपला पत्ता देणारे कोणी उरत नाही, तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो आणि राउटरचे पान उघडत नाही. अशा वेळी लॅपटॉपला तात्पुरता पत्ता हाताने द्यावा लागतो.

एवढे झाले की दोन्ही यंत्रांना १९२.१६८.१ चेच पत्ते मिळतील. दोन्हीकडे नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ ठेवावा. डेस्कटॉपवर फक्त हिशेबासाठी एक स्थानिक खाते पासवर्डसह तयार करावे, फोल्डरची परवानगी त्याच खात्याला द्यावी आणि लॅपटॉपवर तोच पासवर्ड साठवून ठेवावा. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करण्याचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी सापडतो. लोकांच्या हिशेबाच्या फायली असताना तो मानू नये. डेस्कटॉपचा पत्ता खालच्या उपकरणात राखीव करून ठेवला तर रीस्टार्टनंतर तो बदलणार नाही.

वेगाबद्दल: ९५ हा आकडा बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर प्रत्यक्षात साधारण तेवढेच मिळते. वरच्या राउटरचे पोर्टच १०० चे असतील तर केबल कितीही चांगली असून उपयोग नाही. ते गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) असतील तर संशय केबलवर येतो, कारण १०० एमबीपीएसला केबलमधील तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात आणि गिगाबिटला चारही.

इंदिरानगर_रोहाऊस

सर्वांचे आभार. आमच्या राउटरमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड नव्हता, म्हणून सांगितलेल्या क्रमाने हाताने केले. आता लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.१२ आहे, फोल्डर नावानेही उघडतो आणि पत्नीचे काम सुरू झाले आहे. पिनचा तर्कही बरोबर निघाला. प्रिंटर मात्र एकदा बंद-चालू केल्यावरच त्याला नवा पत्ता मिळाला, आणि लॅपटॉपमधून जुनी नोंद काढून तो नव्याने जोडावा लागला.

राउटरच्या खोक्यावर गिगाबिट लिहिले आहे, म्हणून वरच्या टोकाचा प्लग उजेडात धरून पाहिला. पारदर्शक प्लगमध्ये नारिंगी आणि हिरव्या रंगांच्या चारच तारा आहेत. निळ्या आणि तपकिरी जोड्या बाहेरच कापून केबलच्या आवरणावर मागे गुंडाळल्या आहेत. यासाठी नवी केबल ओढावी लागेल का?

पंचवटी_नेटवर्किंग

आधी तसे करू नका. कॅट ५ई दर्जाची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वाहून नेते, आणि रो हाऊसचे अंतर त्यापुढे काहीच नाही. दोन्ही टोकांचे प्लग कापून नवे क्रिम्प करून (तारांवर दाबून बसवून) घ्यावेत. एम. जी. रोडवरच्या दुकानांत आरजे४५ प्लग आणि क्रिम्पिंगचे हत्यार मिळते, पण एवढ्यासाठी हत्यार घेण्यापेक्षा माणूस बोलावलेला परवडतो. फक्त तो काम करत असताना समोर उभे राहावे. प्लगची खिट्टी खाली आणि सोनेरी पिना वर धरल्यावर डावीकडून क्रम असा येतो: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा.

गच्चीवरचा भाग उघड्या उन्हात असेल तर तेथे आवरण तडकले आहे का ते हाताने चाचपून पाहावे आणि तेवढा तुकडा पीव्हीसी पाइपात घालून घ्यावा. क्रिम्प झाल्यावर केबल टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले पाहिजेत. दिवे लागूनही लॅपटॉपवरचा वेग ९५ लाच अडला, तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधली छोटी पॅच केबल बदलून पाहावी. बहुतेक वेळा ती जुन्या मॉडेमच्या खोक्यातून आलेली असते.